बॅकअपसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क: एक भारी घेण्यापेक्षा दोन साध्या घ्या

सीगेटची एक्सपान्शन किंवा वन टच, वेस्टर्न डिजिटलची एलिमेंट्स किंवा माय पासपोर्ट, तोशिबाची कॅनव्हिओ बेसिक्स. पोर्टेबल हार्ड डिस्क घ्यायची म्हटलं की निवड फिरून फिरून या पाच नावांपाशीच येते, आणि यांच्यात डावं-उजवं करत बसण्यात फारसा अर्थ नाही. फिरत्या तबकड्यांच्या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा हा धंदा २०११ मध्ये सीगेटने घेतला, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने. नारिंगी रबराच्या वेष्टनातली लासी रग्ड दणकट दिसते खरी, पण लासी ही सीगेटच्याच मालकीची कंपनी. रबराचे पैसे द्यायचे तर डिस्क रोज पिशवीतून फिरणार असेल तरच द्यावेत.

तेव्हा निकाल आधीच सांगून टाकतो. घरच्या किंवा छोट्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरच्या बॅकअपसाठी २.५ इंची, यूएसबी केबलमधूनच वीज घेणारी साधी पोर्टेबल डिस्क पुरेशी आहे, फक्त ती एकटी नको. ५ टीबीची एक घेण्याऐवजी २ टीबीच्या दोन घ्या. बॅकब्लेझ ही क्लाउड बॅकअप कंपनी आपल्या डेटा सेंटरमधल्या डिस्कची आकडेवारी २०१३ पासून जाहीर करते. २०२३ मध्ये तिथे वर्षभरात बंद पडण्याचं प्रमाण १.७० टक्के होतं. रॅकमध्ये घट्ट बसवलेल्या, थंड हवेतल्या, कधीही न पडणाऱ्या डिस्कची ही गत. टेबलाच्या कडेवर केबलला लोंबकळणाऱ्या डिस्कचं नशीब त्याहून बरं असायचं काही कारण नाही.

क्षमतेचा हिशोब सोपा आहे. कॉम्प्युटरवर आज जितका डेटा भरलेला आहे त्याच्या किमान दुप्पट जागा बॅकअप डिस्कवर हवी, कारण फाइलच्या जुन्या आवृत्त्याही तिथेच राहणार. २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते. ही फसवणूक नव्हे: कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. मॅकवर तीच डिस्क पूर्ण २ टीबी दिसते.

डब्यावर न लिहिलेल्या दोन गोष्टी

पहिली म्हणजे डेटा लिहिण्याची पद्धत. १ टीबी आणि त्यापुढच्या आजच्या बहुतेक २.५ इंची पोर्टेबल डिस्क एसएमआर प्रकारच्या असतात. यात तबकडीवरचे ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो, पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचे कित्येक पुन्हा लिहावे लागतात. हे काम डिस्क लगेच करत नाही. आलेला डेटा आधी एका राखीव पट्ट्यात उतरवते आणि मोकळा वेळ मिळाला की जागेवर लावते. तो पट्टा भरला की सेकंदाला १००-१२० एमबीने चाललेली कॉपी एकदम २०-३० वर येते, कधी त्याहूनही खाली. डिस्क बिघडली असं वाटून लोक केबल उपटतात ती नेमकी याच वेळी. असं करू नका. मोठी कॉपी संपल्यावरही डिस्क अर्धा-एक तास जोडून ठेवा, तिला आतली आवराआवर करू द्या. आणि ती काठोकाठ भरू नका. १५-२० टक्के जागा मोकळी असलेली बरी.

ही माहिती कंपन्या सहसा ठळकपणे सांगत नाहीत. २०२० मध्ये तर नेटवर्क स्टोरेजसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं उघड झालं, मोठा गदारोळ झाला आणि मग कुठे याद्या प्रसिद्ध झाल्या. अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याच्या ‘रेड’ (RAID) मांडणीसारख्या कामात एसएमआर त्रासदायकच. रात्री चालणाऱ्या बॅकअपला मात्र ती चालते. सकाळी सहाला संपला काय आणि चारला संपला काय.

दुसरी गोष्ट पोर्टची. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये, विशेषतः माय पासपोर्टमध्ये, यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डवरच झाळलेला असतो; आत डिस्क दुसरीकडे जोडायचा नेहमीचा साटा जोड नसतोच. म्हणजे पोर्ट ढिला झाला तर ‘डबी फोडून डिस्क काढू आणि दुसऱ्या केसमध्ये घालू’ हा मार्ग बंद. त्यात माय पासपोर्टच्या अनेक आवृत्त्यांमध्ये पासवर्ड ठेवला नसला तरी बोर्डवरची चिप डेटा एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे सांकेतिक रूपात बदलूनच, लिहिते. बोर्ड जळाला तर तबकड्या शाबूत असूनही डेटा सहजी निघत नाही. त्यामुळे या डिस्कमधला सगळ्यात नाजूक भाग कोणता, तर तो रुंद, चपटा मायक्रो-बी पोर्ट. केबल काढताना तार न ओढता प्लग धरून सरळ काढा आणि डिस्कच्या वजनाचा ताण पोर्टवर येऊ देऊ नका. टाइप-सी पोर्टचं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्यावं.

विजेचंही सांगायला हवं, कारण ‘डिस्क खराब निघाली’ या तक्रारींतल्या कितीतरी तक्रारी मुळात विजेच्या असतात. तबकडी फिरायला लागते त्या क्षणी २.५ इंची डिस्क एक अँपिअरच्या आसपास करंट मागते. जुना यूएसबी २ पोर्ट नियमानुसार ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर कीबोर्ड, माऊस आणि पेनड्राइव्हच्या जोडीला डिस्क लावली की ती टक-टक करते, दिसते, गायब होते, पुन्हा दिसते. डिस्क थेट कॉम्प्युटरला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला, आणि केबल बदलून पाहा. तरीही टक-टक थांबली नाही तरच डिस्कवर संशय घ्या.

३.५ इंची टेबलावरच्या डिस्क ५ टीबीहून जास्त डेटा असणाऱ्यांसाठी. त्यांना १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरची पिनही काही वेळा त्यात बसते आणि बोर्ड जाळून टाकते, म्हणून अडॅप्टरवर डिस्कचं नाव लिहून चिकटवा.

आणल्या दिवशी काय करायचं

आधी तपासणी, मग विश्वास. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून तीन ओळी पाहा: ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (वाचता न आल्याने ताटकळलेले सेक्टर) आणि सी६ (न दुरुस्त होणारे). तिन्हींचा ‘रॉ’, म्हणजे मूळ मोजलेला, आकडा शून्य हवा. ‘पॉवर ऑन अवर्स’ही जवळपास शून्य हवेत, काहीशे तास चाललेली डिस्क नवी नसते, ती परत करा. सीगेटच्या डिस्कमध्ये ०१ आणि ०७ या ओळींत अवाढव्य आकडे दिसतात, त्यांना घाबरायचं कारण नाही, ती कंपनीची मोजण्याची पद्धत आहे.

मग पूर्ण डिस्क एकदा लिहून आणि वाचून काढा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३ हे काम करतात. सेकंदाला १०० एमबी धरले तर २ टीबी लिहायला साडेपाच तास आणि वाचायला तेवढेच. रात्रभर लावून ठेवायचं. कारखान्यातच कच्ची निघालेली डिस्क बहुधा इथेच उघडी पडते आणि परत करण्याची मुदतही तोवर शिल्लक असते. नगण्य किमतीत ‘१६ टीबी’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या चकचकीत डब्याही याच चाचणीत सापडतात. त्यांच्या आत बहुतेकदा एखादं छोटं मेमरी कार्ड असतं, खोटी क्षमता सांगणारं. कॉपी झाल्यासारखी दिसते, फाइलची नावंही दिसतात, उघडायला गेलं की आत काही नाही.

फॉरमॅट करताना फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, फक्त मॅक असेल तर एपीएफएस. मॅकच्या २०२०च्या बिग सर आवृत्तीपासून त्यातलं टाइम मशीन हे बॅकअपचं साधन नवीन डिस्कसाठी एपीएफएसच वापरतं. फिरत्या डिस्कवर ते जरा रेंगाळतं, पण पहिला बॅकअप झाला की पुढचं सुसह्य होतं. दोन्हीकडे चालावं म्हणून एक्सफॅट निवडणारे बरेच आहेत. बॅकअपसाठी ती निवड वाईट: त्यात जर्नल, म्हणजे चालू असलेल्या बदलांची नोंदवही, नसतं, लिहिताना केबल निघाली तर फोल्डरची नोंदच विस्कटू शकते. दोन्ही प्रकारची यंत्रं असतील तर डिस्क दोन आणि त्या वेगवेगळ्या.

सोबत आलेलं सॉफ्टवेअर बसवू नका. बॅकअप त्याच्याच खास स्वरूपात अडकला तर उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायची पंचाईत.

कॉपी-पेस्ट म्हणजे बॅकअप नव्हे

डिस्क चांगली असूनही बॅकअप निकामी ठरतो तो इथे. महिन्याकाठी आठवण आली की फोल्डर ओढून टाकणं ही पद्धत तीन महिन्यांत बंद पडते. आणि फोल्डर जसाच्या तसा जुळवणारं ‘मिरर’ लावलं तर वेगळीच आफत: मूळ जागी चुकून उडालेली फाइल पुढच्या फेरीत बॅकअपमधूनही उडते. विंडोजच्या रोबोकॉपी कमांडचा मिरर पर्याय तर विचारतही नाही. मूळ ड्राइव्ह जोडलेला नसताना जर स्रोत म्हणून रिकामा फोल्डर मिळाला, तर बॅकअपही रिकामा. म्हणून आवृत्त्या राखणारं साधन हवं.

मॅकवर टाइम मशीनला तोड नाही. गेल्या २४ तासांच्या दर तासाच्या, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती ते ठेवतं, जागा संपली की सगळ्यात जुनी प्रत काढतं. शिवाय दोन डिस्क दिल्या तर त्या आपोआप आलटून पालटून वापरतं. आमच्या दोन डिस्कच्या आग्रहाला इतकं सोयीचं दुसरं काही नाही.

विंडोजवर फाइल हिस्टरी आहे, २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेली. विंडोज ११ मध्ये ती कंट्रोल पॅनेलच्या कोपऱ्यात सापडते. दर तासाला बदललेल्या फाइलची नवी प्रत घेते आणि प्रती साध्या फाइल म्हणूनच ठेवते. नावापुढे तारीख असते, त्यामुळे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतात. तिच्यात खोच दोन. एक, ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारखे ठरावीक फोल्डरच पाहते. डी ड्राइव्हवर थेट बनवलेलं ‘हिशोब’ नावाचं फोल्डर लायब्ररीत जोडल्याशिवाय तिला दिसत नाही. दोन, वनड्राइव्हवरच्या ज्या फाइल फक्त ऑनलाइन आहेत, म्हणजे ज्यांच्यावर ढगाचं चिन्ह आहे, त्या ती घेत नाही. आधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘नेहमी या डिव्हाइसवर ठेवा’ हा पर्याय निवडावा लागतो. विंडोज ११ मधलं ‘विंडोज बॅकअप’ नावाचं अ‍ॅप हे वेगळंच प्रकरण आहे: ते वनड्राइव्हवर पाठवतं, तुमच्या डिस्कवर नव्हे. नाव पाहून फसू नका.

फाइल हिस्टरीला फाइलच समजतात, विंडोज आणि बसवलेले प्रोग्रॅम नाहीत. त्यासाठी महिन्यातून एकदा पूर्ण सिस्टिमची इमेज, म्हणजे आख्ख्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत, घ्यावी. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती वर्षानुवर्षं लोक यासाठी वापरत होते, पण २०२४ च्या सुरुवातीपासून ती अधिकृतपणे बंद आहे. आता वीम एजंटची मोफत आवृत्ती घ्या किंवा रेस्क्यूझिला. वीमसारखं साधन वापरत असाल तर इमेज घेतली त्याच दिवशी रेस्क्यू पेनड्राइव्ह बनवा आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू होतो का ते पाहा. इमेज आहे पण ती परत लावायला कॉम्प्युटर सुरू होत नाही, हा पेच फार जणांवर येतो. लिनक्सवाल्यांना देजा-डुप हे बॅकअप सॉफ्टवेअर पुरतं. टाइमशिफ्ट मात्र सिस्टिमसाठी आहे, घरच्या फाइलसाठी नव्हे.

दोन डिस्क आळीपाळीने

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम इथे कामी येतो: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. दोन डिस्कने यातलं बरंचसं साधतं. एका डिस्कवर आठवडाभर बॅकअप घ्या, दुसरी वेगळ्या इमारतीत ठेवा, आणि आठवड्याने किंवा पंधरवड्याने अदलाबदल करा. दोन्हींवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावली की घोळ होत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन दोन्हींना एकच ड्राइव्ह अक्षर द्या. दोन्ही एकाच वेळी जोडायच्या नाहीतच, त्यामुळे भांडण होत नाही आणि वेळापत्रकावर चालणारं बॅकअप सॉफ्टवेअर कुठलीही जोडली तरी चालतं. फाइल हिस्टरी मात्र ठरावीक डिस्क लक्षात ठेवते, तिला दर वेळी ‘ड्राइव्ह निवडा’ मधून सांगावं लागतं. हा तिचा कंटाळवाणा भाग.

डिस्क कायम जोडून ठेवण्याची सोय मोहात पाडते, पण रॅन्समवेअर (फाइलना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) घुसलं तर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलही तेच कुलूप खातात, आणि वीज कडाडली तर दोन्ही यंत्रं एकाच तारेवर असतात. बॅकअप झाला की इजेक्ट करा. ‘डिस्क वापरात आहे’ असं विंडोज अडून बसलं तर बहुधा अँटिव्हायरस किंवा सर्च इंडेक्सिंग तिला चाळत असतं. कॉम्प्युटर बंद करा आणि मग काढा. केबल काढल्यावर दहा सेकंद तिला हात लावू नका. तबकडी थांबेपर्यंत हलवलेली डिस्क आणि थांबल्यावर हलवलेली डिस्क यांच्या धक्का सोसण्याच्या ताकदीत कितीतरी पटींचा फरक असतो.

दुसऱ्या जागी ठेवायची डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवा. महिन्यातून एकदा कुठल्याही दहा फाइल तिच्यावरून उघडून पाहा, शक्य असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर. सहा महिन्यांनी पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फो. सी५ मध्ये शून्याखेरीज काही दिसलं की त्या डिस्कला बॅकअपच्या कामातून निवृत्त करा, आकडा छोटा आहे म्हणून थांबू नका. काही दिसलं नाही तरी पाच वर्षांनंतर बदला.

एसएसडी का नको?

एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. सॅमसंगची टी७ कागदावर सेकंदाला १०५० एमबी देते आणि दोन मीटरवरून पडलेलं सोसते. रोज सोबत न्यायच्या कामाच्या डेटासाठी छानच. पण कपाटात ठेवायच्या बॅकअपला फिरती डिस्कच बरी. वीज न मिळालेल्या एसएसडीतला चार्ज हळूहळू ओसरतो. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार आयुष्यभराचं लेखन पुरं केलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सियसला विजेविना एक वर्ष डेटा धरून ठेवावा एवढीच अपेक्षा आहे. नवी एसएसडी त्याहून बराच काळ टिकते, तरी दोन वर्षं विसरून जायची ती वस्तू नव्हे. शिवाय एसएसडी जाते तेव्हा बहुधा पूर्वसूचना न देता जाते. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही पोर्टेबल एसएसडींमधला डेटा अचानक नाहीसा होत असल्याच्या तक्रारी आल्या आणि फर्मवेअरची, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरची, दुरुस्ती काढावी लागली.

डिस्क आवाज करू लागली तर

केबल आणि पोर्ट बदलूनही ठराविक तालात टक-टक येत असेल तर डिस्क लगेच काढा. विंडोजचं चेकडिस्क चालवू नका. ते दुरुस्तीच्या नादात मरत्या डिस्कवर लिहीत राहतं. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना सल्लाही सोडून द्या, बाहेर काढल्यावर तबकडीवर दव जमतं. दुसरी डिस्क शाबूत असेल तर पहिलं काम तिच्यावरून नव्या डिस्कवर पूर्ण प्रत घेण्याचं. ती नसेल, आवाज नसेल आणि फक्त काही फाइल वाचता येत नसतील तर लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने आधी आख्ख्या डिस्कची प्रतिमा काढा आणि वाचवायचं ते त्या प्रतिमेतून वाचवा.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही. आणि बंद पडलेली डिस्क परत पाठवताना ती पुसायची सोय उरलेली नसते. म्हणून एन्क्रिप्शन पहिल्याच दिवशी चालू करा: विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर, मॅकवर टाइम मशीनची डिस्क निवडतानाचा एन्क्रिप्टचा पर्याय, विंडोज होममध्ये व्हेराक्रिप्ट. बिटलॉकरने कुलूप लावलेली डिस्क होममध्ये उघडते, फक्त नवं कुलूप तिथे लावता येत नाही. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून डिस्कपासून वेगळी ठेवा. ज्या कॉम्प्युटरचा बॅकअप आहे त्याच्यावरच ठेवलेली की कॉम्प्युटरबरोबरच जाते.